एकवीस झिंग्यांचं संरक्षण

१ मार्च १९५३, रविवार. सकाळी ७.
काल वाचनालयात व्याख्यान. विषय : दुर्बलांचं संरक्षण. पावणेदोन तास. मध्ये एकदाही पाणी प्यालो नाही. शेवटी शब्दांना असा काही जोर आला की मी स्वतःच थक्क झालो. म्हणालो, दुबळ्यांचं रक्षण सैन्याने होत नाही, विचाराने होतं. पुराव्यादाखल पंचगंगेतले एकवीस झिंगे आणीन. याहून दुबळा जीव दाखवा! ते काचेच्या टाकीत, वनस्पतींच्या सहवासात ठेवीन आणि १० मेच्या वार्षिक समारंभात एकवीसच्या एकवीस जिवंत दाखवीन. माझ्या हातून एक जरी दगावला, तर वर्षभर व्यासपीठावर पाऊल ठेवणार नाही!
टाळ्या. दोन मिनिटं तरी असतील.
घरी येताना निर्मलेने विचारलं, झिंगे कसे सुचले? म्हटलं, ओघात. ती म्हणाली, ओघात ससे सुचले असते तर बरं झालं असतं, सशांना निदान गवत टाकता येतं. माझ्याशी लग्न होऊन अठरा वर्षं झाली, पण वक्तृत्वातला ओघ काय असतो हे तिला अजून कळलेलं नाही.
संकल्प : आजपासून रोज ही वही लिहायची. कुणाला दाखवायची नाही.

४ मार्च, बुधवार.
दोन दिवस वही लिहिली नाही. तयारीत होतो.
टाकी उद्यमनगरातून करून आणली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चारी बाजूंना काच, सांध्यांतून पाणी झिरपू नये म्हणून लांबीचा लेप. थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, दारातच अडवली. म्हणाली, माधवा, हे मासळीचं प्रकरण बाहेरच्या खोलीच्या आत आलं तर मी उद्याच्या मोटारीने पन्हाळ्याला निघाले. टाकी बाहेरच्या खोलीत, खिडकीशी ठेवली. तीच जागा मुळात मनात होती.
रंकाळ्यातून पाणवेली आणि शेवाळ आणलं. लायब्ररीतून या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आणलं. नऊ प्रकरणं. वनस्पतींचं वाचलं, उजेडाचं वाचलं. पाण्याचं प्रकरण सोडून दिलं. पाण्याविषयी आपल्याला इंग्रजांनी काय शिकवायचं!

७ मार्च, शनिवार. दुपारी.
झिंगे आले. घाटावर मासळी विकणारी धोंडुबाई गाडग्यात घेऊन आली, नदीच्या पाण्यासकट. रस्त्यातूनच ओरडून विचारलं, मास्तर, कधीपास्नं खायला लागला? एकवीसात काय हुतंय, दाताला बी पुरायचं न्हाईत! मी तिला उद्देश समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हंजे नुसतं बघायचं? व्हय म्हटलं. ती बराच वेळ निर्मलेकडे बघत राहिली.
शेजारचे अण्णाप्पा, गुळाचे व्यापारी, कडक शाकाहारी. त्यांनी सगळं कुंपणावरून पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, चालायचंच की मास्तर, दिवस बदलल्यात. फकस्त मागल्या दारानं आणत जावा, पोरीबाळी बघत्यात. त्यांनाही उद्देश समजावला. पंचवीस मिनिटं लागली.

८ मार्च, रविवार.
मोजणी. झिंगे काचेसारखे आरपार, त्यामुळे अवघड. पहिल्यांदा एकोणीस, मग तेवीस. सरासरी एकवीस. समाधानकारक.

१६ मार्च, सोमवार. पहाटे.
घात झाला. तळाशी दोन प्रेतं. पांढरी, पोकळ, मिशांसकट. सांगलीच्या मंडळाने जूनसाठी व्याख्यानाला बोलावलं आहे. दहा वर्षं ज्या व्यासपीठाची वाट पाहिली ते हेच. दोन झिंग्यांसाठी गप्प बसायचं?
कुणी उठायच्या आत दोघांना तुळशीच्या मुळाशी पुरलं. शपथेतले शब्द पुन्हा आठवले. ‘माझ्या हातून’ असं म्हटलं होतं. हात लावलेला नाही.

१७ मार्च, मंगळवार.
धोंडुबाई आली होती. निर्मलेने तिला सांगून टाकलं. (पुरताना तिने खिडकीतून पाहिलं होतं!) धोंडुबाई पोट धरून हसली. म्हणाली, मास्तर, ती कात हाय. सापावानी झिंगा बी कात टाकतोय, वाढाय लागला की. तुम्ही काय त्येचं दिवस घातलं काय? टाकीत मोजलं. एकवीस. दोनदा एकवीस.
दुपारी शाळेत नववीच्या तासाला इतिहास बाजूला ठेवून ‘कात आणि क्रांती’ या विषयावर बोललो. जुनं टाकल्याशिवाय वाढ नाही. पोरं भारावून गेली. एक झोपला होता, पण तो नेहमीच झोपतो.

२९ मार्च, रविवार.
अण्णाप्पांना टाकीचा नाद लागला आहे. पेढीवर जायच्या आधी रोज येतात. त्यातल्या सर्वांत दांडग्या झिंग्याचं नाव त्यांनी पैलवान ठेवलं. त्याची उजवी मिशी अर्धी तुटलेली आहे. अण्णाप्पा काचेवर नखाने टिचकी मारतात आणि पैलवान खरोखर वेलीतून बाहेर येतो. मग म्हणतात, आला की गडी, लाल मातीतला हाय. हे सद्गृहस्थ तीन आठवड्यांपूर्वी मला मागचं दार दाखवत होते! विचाराचा प्रभाव हा असा असतो.
मी टिचकी मारली. कुणी आलं नाही. शास्त्रीय निरीक्षणात टिचकीला स्थान नाही.

१२ एप्रिल, रविवार.
अण्णाप्पा पुतणीच्या लग्नासाठी निपाणीला गेले. महिनाभर तिकडेच. जाताना पुन्हा पुन्हा सांगितलं, मास्तर, पैलवानाला जपा हं. मी म्हटलं, मी शब्द दिला आहे, सबंध सभेसमोर. ते म्हणाले, सभेचं ऱ्हाऊ द्या, मला द्या. दिला.

१४ एप्रिल, मंगळवार. सायंकाळी.
उन्हाळा कडक. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं. आणि आज उलगडा झाला की इतके दिवस निर्मला परस्पर आडाच्या पाण्याची भर घालत होती! आडात काय काय पडतं! पाला, किडे, परवा तर शेजारच्यांचा चेंडू. संरक्षण म्हणतात ते हे?
तत्काळ निर्णय. यापुढे पाण्याचं खातं माझ्याकडे. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणीच टाकीत जाईल. हंडा अक्का रोज चिंचेने घासते, आरशासारखा असतो. ताम्रजलाच्या गुणांवर मी अठ्ठेचाळीस साली तीन गावी बोललो आहे. पूर्वजांनी सगळा विचार करून ठेवलेला आहे, आपण फक्त हंडा वाकवायचा.
निर्मला म्हणाली, आपण ताक तांब्यात ठेवत नाही. कळकतं, मग बाधतं.
सांगितलं, झिंगे म्हणजे ताक नव्हे.
यावर ती स्वयंपाकघरात गेली. मुद्दा तिला पटला.

१६ एप्रिल, गुरुवार.
अपूर्व परिणाम! काल अर्धी टाकी ताम्रजलाने बदलली. आज झिंगे नुसते सळसळत आहेत. वरपासून खालपर्यंत धावतात, पाण्याबाहेर उड्या मारतात, काचेवर आपटतात. इतका उत्साह नदीच्या पाण्यात कधी दिसला नव्हता. दुबळ्यांना शुद्ध पाणी द्या, ते वाघ होतात. (हे वाक्य १० मेसाठी राखून ठेवणे.)

१८ एप्रिल, शनिवार.
आज पाच जणांनी कात टाकली. एका दिवसात पाच. वाढीचा वेग विलक्षण.
एक गोष्ट टिपून ठेवतो. ही कात पोकळ नाही, भरीव आहे आणि रंग गुलाबी. पुस्तकात अशी कात नाही. बहुधा इंग्लंडात तांब्याचे हंडे नसावेत.

२१ एप्रिल, मंगळवार.
आणखी चार गुलाबी काती. मोजणीत बारा भरले. बाकीचे वेलीत असणार. नवी कात कोवळी असते, म्हणून ते लाजतात.
निर्मलेने विचारलं, मोजू का मी? नको म्हटलं. फार माणसांनी मोजलं की त्यांच्यावर दडपण येतं.

२४ एप्रिल, शुक्रवार.
धोंडुबाई ताजं शेवाळ घेऊन आली आणि टाकीसमोर उभी राहिली ती उभीच राहिली. मग म्हणाली, मास्तर, ही कात न्हाय, मढी हायती. कसलं पाणी घालताय? हंडा दाखवला. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, आवो, कल्हई न्हाय, काय न्हाय, कळकलं की पाणी! गरिबांस्नी मारलासा तुम्ही.
मी तिला शांतपणे सांगितलं की अनुभव निराळा आणि ज्ञान निराळं. तेवढ्यात अक्का आतून आली आणि म्हणाली, तांब्याच्या पाण्याने कधी कुणी मेलंय का? माधव सांगतो तेच बरोबर. जन्मात पहिल्यांदा अक्काने माझी बाजू घेतली. डोळे भरून आले.
उरलेल्यांची प्रकृती सुधारावी म्हणून आजपासून ताम्रजल दुप्पट.

२८ एप्रिल, मंगळवार.
मोजणी : सहा. वेल हलवून पाहिली तरी सहाच.
पैलवान तळाशी आडवा. विश्रांती घेत असावा.

२९ एप्रिल, बुधवार.
पैलवानाची विश्रांती चालू आहे. रंग गुलाबी.

२ मे, शनिवार. दुपारी ३.
पाण्याचं प्रकरण वाचलं.
तसं कारण काही नव्हतं. शाळेला सुट्टी होती आणि पुस्तक परत करायचं होतं. एकोणीस पानं. तेराव्या पानावर खालून चौथी ओळ. तांबं या जिवांना विष आहे, कणभर असलं तरी. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चुकूनही घालू नये.
‘चुकूनही’ अर्थाच्या मूळ इंग्रजी शब्दांखाली कुणीतरी पूर्वी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.
निर्मला चहा ठेवून गेली. निवला.
सायंकाळी ७. विचार केला. हंडा निर्मलेच्या माहेरचा. चिंच अक्काची. आडाचं पाणी मुळात स्वच्छ असतं तर हंड्यापर्यंत जावंच लागलं नसतं, म्हणजे नगरपालिकाही यात आहे. इंग्रजी पुस्तकवाल्यांनी ही ओळ पहिल्या पानावर छापायला काय हरकत होती? एकट्या माणसावर जबाबदारी टाकणं न्याय्य नाही.
तरीही हंडा वाकवणारे हात कुणाचे, हा प्रश्न राहतो. तो उद्या पाहू.

३ मे, रविवार.
निर्मलेने आणि मी आडाचं पाणी भरलं. तिने रहाट ओढला, मी बादल्या वाहिल्या. सगळी टाकी बदलली, वेली धुतल्या. उरलेले चार झिंगे वाटीत काढून पुन्हा सोडले. निर्मला एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर उत्तर तयार होतं.

४ मे, सोमवार.
तीन.

५ मे, मंगळवार. सकाळी.
एक. वेलीच्या बुंध्याशी. पाय हलवतो, पण जागचा हलत नाही. खुर्ची टाकीशी नेऊन बसलो. काय करता येतं? सभा असती तर बोलता आलं असतं. टाकीसमोर काय बोलायचं? तरी हळू आवाजात दोन वाक्यं बोललो. काय ते लिहीत नाही.
दुपारी १. पाय थांबले.
‘कात टाकली’ असं लिहायला दौत उघडली. लिहिलं नाही.

६ मे, बुधवार.
वाचनालयाचे सेक्रेटरी येऊन गेले. हँडबिलं छापून झाली आहेत. माझं नाव सर्वांत वर, ठळक टाइपात. खाली ‘एकवीस जिवांचे प्रत्यक्ष दर्शन’. टाकीकडे पाहून विचारलं, दिसत नाहीत ते? म्हटलं, उन्हामुळे वेलीत असतात. अगदी सहज म्हणून गेलो. ओघात.
रात्री निर्मलेला म्हटलं, खरं सांगून टाकावं काय? ती म्हणाली, सांगा. एवढंच. मी म्हटलं, सांगलीचं काय? ती म्हणाली, तेही कळवा. बाईमाणसाला मुत्सद्देगिरी नसते.

७ मे, गुरुवार.
पहाटे डोक्यात लख्ख उजेड पडला. राष्ट्रातली माणसं मरतात, म्हणून राष्ट्र मरतं काय? तीस वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरातली निम्मी माणसं आज नाहीत, तरी कोल्हापूर आहेच ना? मग एकवीस झिंगे म्हणजे अमुक एकवीस जीव नव्हेत, एकवीस ही संस्था आहे. संस्थेत भरती होतच असते.
हे निर्मलेला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, पैलवान ही पण संस्था होती काय?
धोंडुबाईला निरोप धाडला.

९ मे, शनिवार.
धोंडुबाई आली. या वेळी हसली नाही. गाडगं ठेवलं आणि म्हणाली, नदीच्या पाण्यातनंच न्हेवा, आणि फुडं काय बी घालू नगा. चोवीस हायती. तीन जास्ती टाकल्यात, तुमच्याकडं टिकत न्हाईत म्हनून.
तीन काढून ठेवायचे होते. पण हाताला सापडेनात.

१० मे, रविवार. रात्री ११.
समारंभ पार पडला.
सभागृह खचाखच. टाकी स्टेजवर, मागे दिवा. काय शोभा! सेक्रेटरींनी सर्वांसमक्ष मोजणी केली. बोट फिरवत मोठ्याने मोजत गेले. एकवीस झाले, टाळ्या सुरू झाल्या, तर हे पुढे म्हणतात, बावीस, तेवीस, चोवीस! टाळ्या थांबल्या. मग चेअरमन उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, सभ्य स्त्रीपुरुषहो, नुसते जगले नाहीत, वाढले! सगळं सभागृह उभं राहिलं. पोक्त दाढीमिशांचे झिंगे, आणि ते म्हणे इथे जन्मले! कुणालाही शंका आली नाही.
मी बोललो. एक तास दहा मिनिटं. चांगलंच झालं असणार. वाघाचं वाक्य घेतलं, प्रचंड टाळी. निर्मला बायकांच्या बाजूला बसली होती. टाळी वाजवली की नाही ते दिसलं नाही. खाली बघत होती.
सभा संपल्यावर गर्दी पांगली. अण्णाप्पा स्टेजवर आले. निपाणीहून तसेच, मोटारीतून उतरून. हातात पिशवी, अंगावर धूळ. कुणाशी न बोलता टाकीपुढे वाकले आणि काचेवर टिचकी मारली.
कुणी आलं नाही.
पुन्हा मारली. मग मला विचारलं, मास्तर, पैलवान दिसंना.
म्हटलं, आहे की. कात टाकली त्याने. कात टाकली की तुटलेली मिशीही नवी येते, म्हणून ओळखू येत नाही. हे शास्त्रीय सत्य आहे. पुस्तकात आहे. यातला एकही शब्द खोटा नाही.
ते म्हणाले, व्हय? बरं झालं मग. पुन्हा एकदा टिचकी मारली, अगदी हळू. मग पिशवी उचलून म्हणाले, तुम्ही म्हणता तर असंल.
आयुष्यात चार हजार माणसांच्या सभा जिंकल्या. या माणसाला सांगायला एक वाक्य सापडलं नाही.

११ मे, सोमवार.
अण्णाप्पा आले नाहीत. पेढीची गडबड असेल.

१४ मे, गुरुवार.
आले नाहीत. सकाळी रस्त्यात भेटले, नमस्कार केला, हवापाण्याचं बोलले. आवाज नेहमीचाच. टाकीचं विचारलं नाही.

१७ मे, रविवार.
निर्मला आणि मी टाकीतले चोवीसही घाटावर नेऊन सोडले. पाण्यात पडताच दिसेनासे झाले. तिने गाडगं विसळून घेतलं. वाटेत दोघंही गप्प. ती आपली नेहमीच गप्प असते, पण आज मला तिच्याएवढं गप्प राहता आलं.
वाचनालयाकडून आभाराचं पत्र. पुढच्या वर्षी पन्नास झिंगे ठेवावेत अशी कमिटीची विनंती आहे.

२ जून, मंगळवार.
सांगलीचं पत्र. तारीख पक्की करा म्हणतात. विषय माझ्यावर सोपवला आहे. दिवसभर मसुदे केले. पहिल्या मसुद्यात सगळं खरं लिहिलं, चार पानं झाली, उत्तम उतरला. वाचून पाहिला तर व्याख्यानच झालं होतं. फाडला. शेवटी कार्डावर तीन ओळी लिहिल्या. वर्षभर बोलता येणार नाही, क्षमस्व. कारण : घसा.

३ जून, बुधवार.
निर्मलेने कार्ड पेटीत टाकायला नेलं. वाचलं असणार, उघडंच होतं.
झोपताना हळद घातलेलं दूध आणून दिलं. म्हणाली, घशाला बरं असतं. आता रोज देणार आहे म्हणे, वर्षभर.
घशाला काहीही झालेलं नाही. तिला ते माहीत आहे. प्यालो.